कोयनेल: आपल्या कुंपणातलं समुद्रकाठचं झुडूप (सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा राजारामपुरीच्या जुन्या गल्ल्यांतनं चालत गेलात की फाटकाला लागून गडद हिरवं, डबा ठेवल्यासारखं चौकोनी कापलेलं कुंपण दिसतंय. मी सुट्टीला कोकणात उतरलो की तिथल्या खाडीवर हेच झुडूप रानटी, अस्ताव्यस्त वाढलेलं बघतो आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. मग सगळे तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवायचं.

हे नक्की कुठलं झाड?

कोयनेल. कोणी वनजाई म्हणतं, कोणी कडू मेंदी म्हणतं, आणि बाकीचे सगळे नुसतं "ते कुंपणाचं" म्हणतात. शास्त्रीय नाव व्होल्कामेरिया इनर्मिस, जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच नर्सऱ्यांच्या पाट्यांवर अजून क्लेरोडेंड्रम इनर्म असं असतंय, दोन्ही एकच. वनजाई हे नाव मला सगळ्यात आवडतं कारण फूल खरंच लांबून जाईसारखं वाटतंय, पांढरं, बारीक नळीचं. पण जाईशी नातं काही नाही. नातं आहे ते तुळस, पुदिना, निर्गुडी आणि चक्क सागाशी, ही सगळी एकाच कुळात बसतात. पूर्वी कोयनेल, निर्गुडी, साग ही मंडळी घाणेरीच्या कुळात धरायचे, नंतर अभ्यास वाढला तशी तुळशीच्या घरात आणून बसवली.

समुद्रकाठचं म्हणताय, मग कोल्हापुरात कसं आलं?

माणसानं आणलं की, दुसरं काय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, मधे सह्याद्री उभा. नदीनं वाहत आलं म्हणायचीही सोय नाही, कारण आपली पंचगंगा समुद्राकडं पाठ करून पूर्वेला जातीय, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतीय आणि तिथनं पार बंगालच्या उपसागरात. कोकणातल्या खाडीतली बी घाट चढून यायची नाही. पण फांदी खोचली की लागतंय, शेळी सहसा तोंड लावत नाही, बारा महिने हिरवं राहतंय आणि कितीही कातरी चालवा परत फुटतंय. माळ्याला आणि घरमालकाला ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

गंमत म्हणजे जे गुण आपल्याला कुंपणासाठी उपयोगी वाटतात ते सगळे त्याला समुद्रानं शिकवलेले आहेत. खारा वारा, वाळू, मधूनच उधाणाचं पाणी, वादळात मोडलेल्या फांद्या, ह्या सगळ्यातनं तगायचं म्हणजे तुटलं तरी फुटायचं. आपण कातरीनं जे करतो ते तिथं वारा करतोय.

मेंदी आणि कोयनेल एकच ना? आमच्याकडं तर मेंदीच म्हणतात

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. हातावर रंगते ती मेंदी वेगळी, तिचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. आता बघा, दोघींच्या नावात इनर्मिस आहे. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, बिनकाट्याची. आणि त्यात आणखी गंमत अशी की मेंदी जुनी झाली की तिच्या फांद्यांची टोकं काट्यासारखी टोकदार होतात, म्हणजे नाव बिनकाट्याची आणि बोचतीय. कोयनेल मात्र नावाला जागतीय, म्हातारी झाली तरी काटा नाही.

ओळखायला सोपं आहे. मेंदीचं पान लहान, पातळ, आणि फुलं बारीक बारीक घोसात येतात, वास घमघमीत. कोयनेलचं पान मोठं, जाडसर, चकचकीत. आणि कोयनेल वाटून हाताला लावली तर रंग वगैरे काही चढत नाही, नुसता हाताला उग्र वास येतोय. आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं लहानपणी करून बघितलेलं, दोन दिवस हात धूत होती.

पानाखोडावरनं ओळखायचं कसं?

पानं समोरासमोर जोडीनं येतात. एक जोडी पूर्वपश्चिम असली तर तिच्या वरची दक्षिणोत्तर, अशी आलटून पालटून, वरनं बघितलं की अधिक चिन्हासारखं दिसतंय. पान लंबगोल, बहुतेक चार ते आठ सेंटिमीटर लांब, सावलीत किंवा चांगल्या जमिनीत त्याहून मोठंही होतंय. कडा एकदम साधी, कुठं दात नाहीत की खाच नाही. देठ सेंटिमीटरभराचा, कधी कधी त्यावर जांभळट झाक असते. वरची बाजू गडद आणि तुकतुकीत, खालची फिकट, आणि भिंगातनं बघितलं तर खालच्या बाजूला बारीक बारीक ग्रंथींचे ठिपके दिसतात.

हाताला पान जरा चामड्यासारखं लागतंय. वडाच्या पानाइतकं जाड नाही पण जास्वंदीसारखं लुसलुशीतही नाही, मधलं कुठंतरी. चुरगाळलं की उग्र वास. चव बघायच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो, इतकं कडू की त्यावर चहा प्यालो तर चहा पण कडू लागला.

कोवळी फांदी करडी, बारीक लव असलेली, आणि लवचीक. जुनं खोड राखाडी आणि खरबरीत होतंय. एकच मुख्य खोड असं नसतंय, बुडातनं पाचसहा फांद्या निघतात आणि त्या एकमेकींत गुंततात, म्हणूनच कुंपण दाट होतंय.

झुडूप की वेल?

दोन्ही म्हणा. जागा मोकळी असली तर एक ते तीन मीटर उंचीचं पसरट झुडूप. शेजारी टेकायला काही मिळालं, समजा भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकाठचा वृक्ष) किंवा तारेचं कुंपण, तर लांब लांब फांद्या टाकून त्यावर रेलतंय आणि वर वर जातंय. वेलीसारखे ताणे किंवा आकडे नाहीत, नुसतं अंग टाकतंय. काही फांद्या जमिनीला टेकतात तिथं मुळं धरतात. खाडीच्या बांधावर हे असंच पसरत जातंय, एक झुडूप कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कळतच नाही.

फूल कसं असतंय?

ह्यावर जरा जास्त लिहितो, कारण कुंपण रोज बघणाऱ्या लोकांनी सुद्धा फूल बघितलेलं नसतंय.

आमच्या घरामागं कुंपणाचा एक कोपरा आहे, पाण्याच्या टाकीच्या मागचा, तिथं माळीमामांची कातरी पोचत नाही. पावसाळा सरत आला की तिथं पानाच्या बगलेत काडेपेटीतल्या काडीसारख्या कळ्या दिसायला लागतात, लांब दांडी आणि टोकाला गोल बोंड. बहुतेक तीन तीनच्या गुच्छात. मधली आधी उमलते, बाजूच्या दोघी मागनं. मी एकदा संध्याकाळी टाकीचा नळ बंद करायला गेलो आणि तिथंच अर्धा तास उभा राहिलो, घरातनं हाका मारून मारून बायको बाहेर आली, तिला वाटलं नळ तुटला.

फुलाची नळी दोनतीन सेंटिमीटर, पांढरी, सुईपेक्षा थोडी जाड. टोकाला पाच पाकळ्या, उमलल्या की मागं वळतात. आणि नळीतनं बाहेर, पाकळ्यांच्याही पुढं लांब, चार पुंकेसर येतात, जांभळट तांबूस रंगाचे, मांजराच्या मिशांसारखे. पांढऱ्यावर जांभळं, एवढंच, पण बघत राहावं असं. खाली हिरवी वाटी असते, निदलपुंजाची, तिच्या कडेला पाच दात इतके बारीक की नाहीत म्हणलं तरी चालेल.

आता ह्या पाचव्या दोऱ्याकडं बघा. चार पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. फूल नवं असताना पुंकेसर पुढं ताठ असतात आणि स्त्रीकेसर खाली वाकून बाजूला झालेला. परागकण देऊन झाले की पुंकेसर वळून मागं गुंडाळतात आणि मग स्त्रीकेसर पुढं येतो, त्याच जागेवर. म्हणजे एकाच फुलात आधी नराची पाळी, मग मादीची, स्वतःचेच पराग स्वतःवर पडू नयेत म्हणून. एका गुच्छात मधलं फूल दुसऱ्या पाळीत आणि बाजूचं पहिल्या पाळीत असं एकदम बघायला मिळतंय, फोटो काढायचा तर तोच काढा.

वास मंद, गोडसर, आणि अंधार पडायला लागला की जास्त जाणवतो. पांढरा रंग, लांब नळी, संध्याकाळचा वास, हा सगळा थाट लांब सोंडेच्या पतंगांसाठी, हॉकमॉथ म्हणतात ते. दिवसा फुलपाखरं आणि शिंजीरही येऊन जातात.

मग आमच्या कुंपणाला फुलं का येत नाहीत? खत कमी पडतंय का?

खत नाही, कातरी जास्त पडतीय. फुलं नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. तुम्ही दर महिन्याला नवी फूट छाटून टाकता, मग फूल कुठनं यायचं? एक वीतभर तुकडा दोनतीन महिने सोडून द्या, मागच्या बाजूचा सोडा म्हणजे शेजाऱ्यांना गबाळं वाटणार नाही. फुलं थोडीफार वर्षभर कधीही येतात पण पाऊस ओसरल्यापासनं हिवाळ्यापर्यंत चांगली येतात.

आमच्या माळीमामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "साहेब, फुलंच पायजे असतील तर जास्वंद लावा की, कुंपणाला कशाला फुलं?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फळ येतंय का? बी कशी असते?

येतंय. फुलातली ती हिरवी वाटी टिकून राहते आणि तिच्यात फळ बसतंय, वाटीत सुपारी ठेवल्यासारखं. आकार उलट्या अंड्यासारखा, सेंटिमीटर दीड सेंटिमीटर. आधी हिरवं, मग तपकिरी काळपट होतंय आणि वाळल्यावर त्याचे चार भाग होतात, प्रत्येकात एक बी.

ह्या फळाचा खरा खेळ त्याच्या सालीत आहे. वाळलं की ते बुचासारखं हलकं होतंय आणि पाण्यावर तरंगतंय. घरी करून बघा, वाटीत पाणी घेऊन टाका. भरतीचं पाणी बांधाला लागलं की खाली पडलेली फळं उचलून नेतंय आणि कुठल्यातरी दुसऱ्या काठावर टाकतंय. म्हणूनच तर हे झुडूप भारत, श्रीलंकेपासून म्यानमार, मलेशिया, दक्षिण चीन, तैवान करत उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं सापडतंय. आपण पासपोर्ट काढून जातो तिथं हे बुचाच्या होडीतनं गेलंय.

समुद्राकाठी नेमकं कुठं वाढतंय? पाण्यात?

पाण्यात नाही, पाण्याच्या उंबरठ्यावर. रोजची भरती जिथपर्यंत येते त्याच्या जरा वर, आणि अमावास्या पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी कधीमधी लागेल अशा पट्ट्यात.

खाडीवर चालत गेलात तर क्रम समजतोय. पाण्यालगतच्या रेंद्यात तिवर, कांदळ, चिपी ही खारफुटीची झाडं. त्यांच्या मागं, जिथं चिखल जरा घट्ट होतोय तिथं मारांडी, तिची पानं काटेरी आणि फुलं निळीजांभळी. मग खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, बांध येतो, मातीचा किंवा जांभ्याचा, आणि त्या बांधावर कोयनेल, सोबतीला करंजवेल, भेंडी, कुठं उंडी. बांध ओलांडला की भातशेती. म्हणजे खारं आणि गोडं ह्यांच्या बरोबर शिवेवर ही बाई पदर खोचून उभी.

पुळणीवर गेलात तर चित्र वेगळं. तिथं सगळ्यात पुढं मर्यादवेल वाळूवर पसरलेली, तिच्या मागं केवडा आणि कोयनेल, मग लावलेली सुरूची झाडं. इथं कोयनेल ठेंगणी, एका बाजूला कललेली असते, वाऱ्यानं कापल्यासारखी. पान पण खाडीवरच्यापेक्षा बारकं आणि जाड. जांभ्याच्या कड्यांवर, खडकांच्या फटीतही दिसते. एकच झुडूप, पण बांधावर ऐसपैस आणि कड्यावर अंग चोरून.

देवगड तालुक्यातल्या एका खाडीवर मी फोटो काढत होतो तेव्हा तिथले एक काका कुऱ्हाड घेऊन थांबले, मला वाटलं हटकणार. मी सांगितलं की आमच्याकडं हे बंगल्याला लावतात, नर्सरीतनं विकत आणून. काका म्हणाले, "पैशे देवन लावतास?" आणि हसत हसत निघून गेले.

म्हणजे ही खारफुटी झाली का?

खारफुटीची शेजारीण म्हणा. खरी खारफुटी जी असते तिच्याकडं चिखलात जगायची खास हत्यारं असतात. तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातनं खिळ्यांसारखी वर येतात, आणि त्याची पानं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, पानावर बोट फिरवून चाटलं तर खारट लागतंय. कांदळाला आधाराची कमानीसारखी मुळं, आणि त्याची बी झाडावर असतानाच रुजते. कोयनेलकडं ह्यातलं काहीच नाही. श्वासमुळं नाहीत, झाडावर रुजणारी बी नाही. म्हणून ती रोजच्या भरतीच्या चिखलात उतरत नाही, कडेला थांबते. अभ्यासक अशांना खारफुटीच्या सोबतीच्या वनस्पती म्हणतात. आणि खारफुटीशिवायही ती मजेत राहते, पुळणीवर राहतेच की.

कोणीतरी विचारलेलं की राज्याचं खारफुटी झाड म्हणून जाहीर झालं ते हेच का. नाही, ते २०२० साली जाहीर झालं, पांढरी चिपी.

खाऱ्या जागेतलं झाड आहे तर पाण्यात थोडं मीठ घालायचं का?

अजिबात नाही. हसू नका, हा प्रश्न तीन जणांनी विचारलाय आणि एकानं घालून झाल्यावर विचारलाय. मीठ सोसता येणं वेगळं आणि मीठ लागणं वेगळं. आपण उन्हात उभं राहू शकतो म्हणून आपल्याला ऊन पायजेच असं नाही. समुद्रकाठी बाकीची झाडं टिकत नाहीत म्हणून हिला तिथं मोकळी जागा मिळते, एवढंच. आपल्या काळ्या मातीत ती उलट जोरात वाढते. बोअरचं पाणी जरा मचूळ असेल तर मात्र हिचा फायदा, बाकीच्या झाडांची पानं कडेनं करपतात तिथं ही तशीच हिरवी उभी असते.

सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत?

गळतात की. सगळी एकदम गळत नाहीत. जुनी पिवळी पडून खाली जातात तोवर वर नवी आलेली असतात. मे महिन्यात कुंपणाखाली झाडून बघा, सुपलीभर निघतील.

नाव का बदललं? क्लेरोडेंड्रमच बरं होतं

खरं म्हणजे बदललं नाही, परत आलं. लिनियसनं १७५३ साली हिला व्होल्कामेरिया इनर्मिस असंच म्हणलेलं. मग १७८८ साली गेर्टनर नावाच्या जर्मन अभ्यासकानं क्लेरोडेंड्रममधे टाकलं आणि दोनशे वर्षं तेच चाललं. पुढं डीएनए तपासल्यावर कळलं की क्लेरोडेंड्रम म्हणजे अडगळीची खोली झालीय, जे कुठं बसेना ते तिथं टाकलेलं. २०१० साली त्यातली काही मंडळी वेगळी काढली आणि हिला जुनं नाव मिळालं. भारंगीचं पण तसंच, ती पण क्लेरोडेंड्रममधे होती, आता रोथेकात गेलीय.

भारंगीची जवळची आहे तर भाजी होईल का?

मला माहीत होतं हा प्रश्न येणार. कोल्हापुरात पावसाळ्यात गगनबावड्याकडनं, राधानगरीकडनं भारंगीच्या जुड्या येतात आणि आपण कोवळी पानं उकडून, पाणी पिळून, भरपूर लसूण घालून भाजी करतो. म्हणून कोणालातरी वाटतंच की कुंपण पण शिजवून बघू. नको. एक तर ही भाजीची वनस्पती नाही, आणि दुसरं म्हणजे तो कडूपणा उकडून जाणारा नाही. पारंपरिक औषधात पानांचा वापर तापावर सांगितलेला आहे, पण ते वैद्याचं काम, घरच्या काढ्यात कुंपण घालायचं नाही. फळंही खायची नाहीत, लहान पोरं असली तर लक्ष ठेवा, सुपारीसारखी दिसतात म्हणून तोंडात घालतात.

शेळ्यामेंढ्या खरंच खात नाहीत?

सहसा नाही. आमच्या रस्त्यानं रोज शेळ्यांचा कळप जातोय, जास्वंदीचा फडशा पाडतात, गुलाबाचे काटे सुद्धा सोडत नाहीत, कोयनेलला एक हुंगून पुढं जातात. एकदा एका करडानं पान तोडलं आणि लगेच थुंकलं, शेळी थुंकते हे मी पहिल्यांदाच बघितलं.

लावायची कशी?

फांदीवरनं, बीच्या नादाला लागू नका. पाऊस सुरू झाला की पेन्सिलएवढ्या जाडीची, ना अगदी कोवळी ना अगदी जून, अशी वीतभर फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, निम्मी मातीत खोचायची. कुंपणासाठी वीतभर अंतरावर, दोन ओळी केल्या तर तिरप्या. महिनाभरात फूट दिसते. पहिल्या वर्षी सारखी सारखी शेंड्याला कात्री लावा म्हणजे बुडातनं भरते, लोक उंचीच्या नादात शेंडा सोडतात आणि मग खालनं कुत्री आत येतात. ऊन भरपूर पायजे. सावलीत जगते पण विरळ राहते.

कीड फार नाही. पांढरा पिठ्या ढेकूण कधी लागतोय, तेवढी फांदी कापून टाकली की झालं.

महापुरात टिकते का?

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय ना. आमच्या एका नातेवाईकांच्या घराला नदीकडच्या बाजूनं कोयनेलचं कुंपण आहे, ते बरेच दिवस पूर्ण पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर गेलो तर कुंपण गाळानं माखलेलं, फ्लेक्सच्या चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकलेलं, पानं सगळी काळी पडून गळालेली. कंपाउंडमधली पपई आणि शेवगा गेले ते गेलेच. कुंपण काढून टाकायचं ठरलेलं, पण घर साफ करण्यात कोणाला सवड झाली नाही. दिवाळीपर्यंत बुडातनं फूट आली. सगळी नाही, एका कोपऱ्यात जिथं पाणी साचून राहिलं तिथली मेली. उधाणाचं पाणी येतं आणि ओसरतं, त्याची हिला सवय, पण साचून राहिलेल्या पाण्यात कायम बसायची नाही. म्हणून लावताना चर काढा.

रानटी कोयनेल बघायला कोल्हापुरातनं कुठं जावं?

गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, तिथनं करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला, घाट चालू आहे का ते आधी विचारून घ्या, की पुढं देवगड, विजयदुर्ग. फोंडा घाटानं उतरलात तर कणकवलीवरनं आचरा, मालवण. आंबा घाटानं रत्नागिरी, भाट्याची खाडी. कुठंही जा, माशाच्या ताटावर बसायच्या आधी ओहोटीच्या वेळी खाडीच्या बांधावरनं अर्धा तास चालून या. भरतीला गेलात तर बांध निसरडा असतोय आणि चिखलातलं काही दिसत नाही.

येताना तिथलीच फांदी आणू का?

कशाला? कांदळवनाला कायद्यानं संरक्षण आहे, तिथं कुऱ्हाड कोयता काढूच नका, आणि बांधावरची झुडपं बांधाची माती धरून असतात. इथं शेजाऱ्याचं कुंपण कापायला निघालं की खालचा ढीग मागून घ्या, माळीमामा स्वतः पोत्यात भरून देतात. मी तसंच केलं होतं. पाण्याच्या टाकीमागचा तो कोपरा म्हणजे शेजारच्यांनी कचऱ्यात टाकलेलं पोतं आहे.